महादजी शिंदे : तलवारीचे यश आणि तिजोरीचे अपयश

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते. सातारा, सांगली, मराठवाडा आणि कर्नाटक या भागांतून सासनकाठ्या येतात, गुलालाने डोंगर माखून निघतो आणि ‘चांगभलं’चा गजर होतो. या गर्दीत उभे असलेले केदारनाथाचे देवालय १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधविले. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातील या शिलेदाराने बाजीराव पेशव्यांच्या बरोबर माळव्यात नाव कमावले होते. जोतिबा हे त्यांचे कुलदैवत. आपल्या एका पुत्राचे नावही त्यांनी जोतिबा असेच ठेविले होते. त्यांचे धाकटे पुत्र महादजी यांचा जन्मही देवालयाच्या बांधकामाच्याच सुमारास झाला. पुढे याच महादजींनी दिल्लीच्या बादशहाला सिंहासनावर बसविले, इंग्रजांना तहाच्या बैठकीला बसविले आणि दहा वर्षे हिंदुस्थानच्या राजकारणाची सूत्रे आपल्या हाती ठेविली.

युद्धकाळातील राष्ट्रीय नेता कसा असतो, त्याचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला आणि युद्ध, शस्त्रास्त्रे व नेतृत्व यांची चर्चा घराघरांत पोहोचली. अशा चर्चेत विजयांची यादी आधी मांडली जाते आणि खर्चाचा हिशेब मागाहून, पुष्कळदा मुळीच नाही. महादजींचे चरित्र या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांच्या पराक्रमाविषयी कोणाला शंका नाही. तरीही त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या नऊ वर्षांत त्यांनी उभे केलेले सर्व कोसळले. असे का झाले, याचे उत्तर रणांगणावर कमी आणि हिशेबाच्या वह्यांत अधिक सापडते.

पानिपतानंतर

शिंदे घराण्याने उत्तरेच्या राजकारणासाठी मोजलेली किंमत फार मोठी होती. वडील बंधू जयाप्पा यांचा १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात दग्याने खून झाला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तुकोजी कामास आले आणि जयाप्पांचे पुत्र जनकोजी पकडले जाऊन मारले गेले. महादजी जबर जखमी होऊन वाचले. राणेखान नावाच्या एका पखालवाल्याने त्यांना रणांगणाबाहेर काढले. महादजी जन्मभर एका पायाने अधू राहिले, आणि राणेखानाला त्यांनी भाऊ मानून पुढे सेनापतिपदापर्यंत चढविले. माणसे पारखताना जात, धर्म वा कूळ न पाहण्याचा जो गुण त्यांच्या ठिकाणी दिसतो, त्याची ही पहिली खूण होय. बीडचे मन्सूरशहा हे त्यांचे गुरू होते, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वारसाहक्काच्या तंट्यांतून मार्ग काढीत १७६८ च्या सुमारास त्यांना शिंद्यांची सरदारकी निर्वेधपणे मिळाली. त्यानंतरचा क्रम वेगवान आहे. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहिलेला बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली राजधानीत परतला. पानिपतावर जे गमावले, ते दहा वर्षांत परत मिळाले, अशी त्या वेळची भावना होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुण्याचे राज्य बारभाईंच्या हाती आले. रघुनाथरावांनी इंग्रजांची मदत घेतल्यामुळे घरच्या भांडणाला परराष्ट्रीय युद्धाचे स्वरूप आले. या युद्धात महादजी आणि नाना फडणवीस यांनी मिळून जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजी फौजेला शरण यावयास लाविले. परंतु याच काळातील आणखी एक घटना कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. १७७८ च्या सुमारास पुणे दरबाराच्या वतीने महादजी कोल्हापूरच्या छत्रपतींवर चालून आले आणि त्यांच्याकडून खंडणीचा करार करून घेतला. ज्या डोंगरावर आपल्या वडिलांनी कुलदैवताचे देवालय बांधिले, त्याच डोंगराच्या परिसरात फौज घेऊन उतरण्याची वेळ त्यांच्यावर आली. मराठी सत्तेची शकले किती आणि ती एकमेकांशी कशी वागत, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि पुढील वर्षी माळव्यात महादजींना मागे हटावे लागले. शत्रूचे बळ कोठे आहे, हे त्यांनी या अनुभवातून ओळखले. त्यांनी स्वतंत्रपणे युद्ध थांबविले आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात मध्यस्थाची भूमिका पटकाविली. इंग्रजांना साष्टी मिळाली, रघुनाथरावांचा प्रश्न मिटला, आणि महादजी हे पुण्याच्या एका सरदारापेक्षा अधिक काही आहेत, ही गोष्ट कंपनीने व्यवहारतः मान्य केली.

वकिली आणि तिचा खर्च

१७८४ च्या अखेरीस बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद दिले आणि पेशव्यांच्या वतीने त्याचा कारभार महादजींकडे आला. अधिकाराच्या दृष्टीने हा कळस होता. अर्थकारणाच्या दृष्टीने पाहिले, तर ही एका दिवाळखोर पेढीची वारसदारी होती. बादशहाच्या नावाने सर्व हिंदुस्थान होता, परंतु त्याच्या हाती येणारा वसूल दिल्ली-आग्र्याच्या आसपासच्या उजाड मुलखापुरता उरला होता. राजवाड्याचा खर्च, बादशाही पलटणींचा पगार आणि स्वतःची फौज, असा तिहेरी भार महादजींवर पडला. १७८३ च्या सुमारास उत्तरेत भीषण दुष्काळ पडला होता, त्याने या मुलखाची उरलीसुरली करक्षमताही आटविली होती.

अशा वेळी राज्यकर्त्यापुढे मोजकेच मार्ग असतात. कर वाढविणे, कर्ज काढणे, जुन्या सवलती काढून घेणे किंवा शेजाऱ्याकडून वसूल करणे. महादजींनी चारही मार्ग चोखाळले. सावकारांकडून हुंड्यांवर पैसा उचलला. मोगल सरदारांच्या जहागिरी जप्त केल्या, त्यामुळे ते सरदार मनातून वैरी झाले. जयपूरकडे थकलेल्या खंडणीची मागणी लाविली, त्यामुळे राजपूत एकत्र आले. परिणाम १७८७ च्या जुलैमध्ये लालसोटजवळ दिसला. रणांगणावरील लढत अनिर्णीत राहिली असता बादशाही पलटणींनी थकलेल्या पगाराचे कारण पुढे करून पक्ष बदलला आणि तोफांसह त्या शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना चंबळेपर्यंत माघार घ्यावी लागली. त्या मोहिमेचे भवितव्य तुंबलेल्या पगाराने ठरविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढील वर्ष अधिक भयंकर ठरले. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने दिल्ली घेऊन राजवाडा लुटला आणि १० ऑगस्ट रोजी वृद्ध शाह आलमाचे डोळे काढले. महादजींच्या फौजा ऑक्टोबरमध्ये राणेखान व जिवबादादा बक्षी यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत शिरल्या, गुलाम कादिर पकडला गेला आणि अंध बादशहा पुन्हा सिंहासनावर बसला. खचलेल्या परिस्थितीतून इतक्या अल्पावधीत उभे राहणे हे महादजींच्या धैर्याचे आणि चिकाटीचे सर्वांत मोठे प्रमाण मानावे लागेल.

नियमित पगाराची जादू

लालसोटचा धडा त्यांनी वाया जाऊ दिला नाही. सॅव्हॉय प्रांतातून आलेला डी बॉईन हा सेनानी १७८४ पासून त्यांच्या चाकरीत होता. त्याच्या हाताखालील दोन पलटणींचा विस्तार १७९० पासून पूर्ण कंपूंमध्ये करण्यात आला. या कंपूंचे सामर्थ्य सामान्यतः कवायत, बंदुका आणि तोफा यांत शोधले जाते. ते खरेच आहे, परंतु अपुरे आहे. महादजींनी या फौजेच्या खर्चासाठी अलीगडच्या आसपासचा दुआबातील सुपीक मुलूख स्वतंत्र तोडून दिला. त्या मुलखाचा वसूल थेट फौजेच्या पगाराला लावला गेला. सावकाराची मनधरणी नाही, दरबाराच्या मंजुरीची वाट नाही आणि शिपायाला पगारासाठी सेनापतीच्या दारात धरणे धरून बसण्याची पाळी नाही. त्या काळातील हिंदी फौजांमध्ये ही गोष्ट अपूर्व होती. २० जून १७९० रोजी पाटण येथे आणि १० सप्टेंबर १७९० रोजी मेडता येथे मिळालेल्या निर्णायक विजयांचा पाया या व्यवस्थेत होता.

या व्यवस्थेत दोन दोष मात्र प्रारंभापासूनच दडलेले होते. पहिला असा की, मुलूख ज्याच्या हाती, वसूल ज्याच्या हाती आणि फौजही ज्याच्या हाती, असा मनुष्य राज्यातील राज्यच होऊन बसतो. डी बॉईन स्वतः सचोटीचा होता आणि महादजींची मांड पक्की होती, म्हणून हा धोका त्यांच्या हयातीत जाणवला नाही. दुसरा दोष असा की, कंपूंचे वरिष्ठ अधिकारी जवळजवळ सर्व युरोपीय होते. आग्र्याला तोफा ओतल्या जात होत्या, त्या उत्तम होत्या, त्यांवर राबणारे हात एतद्देशीय होते, परंतु देखरेख परकीय कारागिराची होती. शिपाई आपला, दारूगोळा आपला, पैसा आपला आणि हुकूम देणारे डोके भाड्याचे, अशी ही रचना होती. मराठी तरुणांना युद्धशास्त्राचे नवे शिक्षण देऊन त्यांच्यातून अधिकारी घडविणारी शाळा महादजींनी काढली नाही. त्या काळच्या कोणत्याही हिंदी सत्ताधीशाने काढली नाही, हे खरे. परंतु नव्या फौजेची गरज ज्याला सर्वांत आधी उमगली, त्याच्याकडून अपेक्षाही अधिक असणारच.

पुणे आणि दिल्ली यांचा हिशेब

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाने दिलेली वस्त्रे आणि सनदा सवाई माधवरावांना अर्पण करण्याचा भव्य समारंभ झाला. स्वतःला नेहमी पाटील म्हणवून घेणाऱ्या या सेनानीने तरुण पेशव्यांसमोर सेवकाची नम्रता दाखविली, त्याच्या आख्यायिका महाराष्ट्रात अजून सांगितल्या जातात. समारंभामागचा विषय मात्र रोकडा होता. उत्तरेच्या मोहिमांवर झालेला खर्च पेशव्यांच्या सरकाराने भरून द्यावा, अशी महादजींची मागणी होती. उत्तरेत मिळालेल्या वसुलाचा हिशेब आधी द्यावा, असे नाना फडणवीसांचे म्हणणे होते.

या वादात नाना कंजूष आणि महादजी उदार, किंवा नाना देशभक्त आणि महादजी महत्त्वाकांक्षी, अशा सोप्या वाटण्या करण्याचा मोह अनेकांना झाला आहे. वस्तुतः दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. जी मोहीम सर्व राज्याच्या हितासाठी आहे, तिचा खर्च एका सरदाराने का सोसावा, हा महादजींचा प्रश्न रास्त होता. ज्या खर्चाचा हिशेब मध्यवर्ती खजिन्यापुढे येत नाही, त्याची भरपाई कशी करावी, हा नानांचा प्रश्नही तितकाच रास्त होता. खरी उणीव अशी होती की, हे दोन प्रश्न सोडविणारी कोणतीही मान्य संस्था मराठी राज्यात नव्हती. उत्तरेचा खर्च किती, त्यातील पुण्याचा वाटा किती, होळकरांचा किती आणि शिंद्यांचा किती, हे ठरविणारा नियम नव्हता. जेथे नियम नसतो, तेथे व्यक्तींचे संबंध नियमाची जागा घेतात, आणि संबंध बिघडले की राज्यच बिघडते. होळकरांशी असलेली स्पर्धा तर १ जून १७९३ रोजी लाखेरी येथे उघड लढाईपर्यंत गेली. मराठ्यांच्या दोन सर्वांत समर्थ फौजा एकमेकींवर तोफा डागीत होत्या, आणि कलकत्त्यास इंग्रज ते शांतपणे पाहत होते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले. पुण्याचा हिशेब तसाच राहिला.

नऊ वर्षांची पडझड

गादीवर आलेले दौलतराव हे तुकोजींचे नातू, वयाने अवघे पंधराच्या आतबाहेर. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पेशवाईच्या वारसाचा घोळ सुरू झाला. दौलतराव फौजेसह पुण्यातच अडकून पडले. इतक्या मोठ्या फौजेचा पगार उत्तरेच्या वसुलातून दक्षिणेत भागणे शक्य नव्हते. तेव्हा दौलतरावांचे सासरे, कागलचे सर्जेराव घाटगे, यांनी १७९८ मध्ये पुण्यातील धनिकांना छळून पैसा उकळला. जी फौज राज्याच्या रक्षणासाठी उभारली, तिच्या पगारासाठी राज्याची राजधानीच लुटली गेली. दुसरीकडे महादजींच्या विधवा पत्नींनी दौलतरावांविरुद्ध बंड पुकारले आणि जुने अनुभवी कारभारी दुरावले. डी बॉईन युरोपास परतला होता आणि त्याच्या जागी आलेला पेराँ दुआबाचा जणू नबाबच झाला होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि वर्षअखेरीस दुसरे बाजीराव वसईस इंग्रजांचे अंकित झाले.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा रचनेतील दोन्ही दोष एकदम उघडे पडले. शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना इंग्रजांनी आपल्याकडे बोलावून घेतले. सप्टेंबरच्या आरंभी अलीगडचा किल्ला पडला आणि पेराँ स्वतःचा बचाव साधून शत्रूच्या स्वाधीन झाला. ११ सप्टेंबरला दिल्ली, २३ सप्टेंबरला असई आणि १ नोव्हेंबरला लासवारी, या लढायांनी महादजींचे कार्य पुसून टाकले. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब हे सर्व गेले.

यात एक गोष्ट मराठी शिपायांच्या आणि त्यांच्या हिंदुस्थानी सहकाऱ्यांच्या पक्षी आवर्जून नोंदविली पाहिजे. असई आणि लासवारी येथे शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, ते तोफांशेजारीच पडले. जिंकणाऱ्या इंग्रज सेनापतींनीही त्यांच्या शौर्याची आणि त्या तोफांच्या दर्जाची वाखाणणी केली. म्हणजे शिपायाचे धैर्य होते, कारखान्याचा माल चांगला होता. जे नव्हते, ते या दोहोंना एकत्र बांधणारे, व्यक्ती गेली तरी टिकणारे, स्वकीय नेतृत्वाचे तंत्र.

१८०८ मध्ये दौलतरावांनी जोतिबाच्या डोंगरावर, आजोबांच्या वडिलांनी बांधलेल्या देवालयाशेजारी केदारेश्वराचे देऊळ बांधिले. त्या वेळी दिल्ली हातची जाऊन पाच वर्षे लोटली होती. राणोजींचे देवालय घराण्याच्या उदयाच्या वेळचे, दौलतरावांचे उताराच्या वेळचे. यात्रेकरू दोहोंपुढे सारख्याच श्रद्धेने गुलाल उधळतात. दगडात बांधलेले टिकले, राज्यात बांधावयाचे राहून गेले.

संस्था मागे ठेवणारे नेतृत्व

युद्धकालीन नेत्याचे दुसरे एक उदाहरण याच परिसरात सापडते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून झालेल्या मानहानीच्या वातावरणात, देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९६५ चे युद्धही लढले गेले. परंतु त्यांच्या कार्याचा टिकाऊ भाग १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत आहे. सुमारे ५,००० कोटी रुपयांची ही योजना होती, आणि सव्वाआठ लाखांचे भूदल व ४५ स्क्वॉड्रनांचे हवाई दल ही तिची उद्दिष्टे होती. त्याच वर्षी नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. खर्च किती, किती वर्षांत आणि कशासाठी, हे आधी ठरवून संसदेपुढे मांडण्याची ही रीत होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहखात्यात गेले आणि संरक्षण खात्याचे काम अडले नाही. नेता निघून गेल्यावर काम न अडणे, हेच त्याच्या यशाचे लक्षण समजावयास हवे.

ब्रिटिश जनतेने १९४५ च्या जुलैत, युरोपातील विजयानंतर दोन-तीन महिन्यांतच, चर्चिल यांच्या पक्षाला सत्तेवरून दूर केले. त्यात कृतघ्नता पाहणारे पुष्कळ होते. युद्ध जिंकणाऱ्यावाचून राज्य चालते, असा आत्मविश्वास त्या मतदानात होता, हेही तितकेच खरे. महादजींच्या महाराष्ट्राला हा आत्मविश्वास मिळविता आला नाही.

आजचा ताळेबंद

भारताच्या २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी, तर निवृत्तिवेतनासाठी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी होते. म्हणजे भविष्यातील सामर्थ्य आणि भूतकाळातील सेवेची परतफेड या दोन्ही बाबी जवळजवळ एकेक चतुर्थांश रक्कम घेतात. हा ताण कमी करण्याचा एक प्रयत्न म्हणून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात भरती होणाऱ्या जवानांपैकी कमाल एक चतुर्थांश जवानांनाच चार वर्षांनंतर कायम सेवेत घेतले जावयाचे, अशी योजना होती. तिजोरीच्या बाजूने या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक जवान जातो, तेथे शिपायाचा सरकारवरील विश्वास ही काय चीज आहे, हे लालसोटच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. बचतीच्या आकड्याबरोबर या विश्वासाचे मोलही ताळेबंदात मांडले गेले पाहिजे.

शस्त्रांच्या स्वावलंबनाचा प्रश्नही नवा नाही. देशातील संरक्षण उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपयांवर पोहोचले आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींची निर्यात झाली, ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे. तथापि २०२० ते २०२४ या पाच वर्षांत भारत हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा शस्त्र-आयातदार होता आणि या आयातीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या रशियाकडून आला. तेजस विमानाचा सांगाडा आपला, परंतु इंजिन अमेरिकन. २०२१ मध्ये हवाई दलाने मागविलेल्या ८३ सुधारित तेजस विमानांसाठीचे पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि विमाने मिळण्याचे वेळापत्रक कोलमडले. आग्र्याच्या तोफा ओतणारे हात आपले होते, ही आठवण येथे उपयोगी पडते. निर्णायक क्षणी ज्याच्या हाती कळ असते, त्याचे शस्त्र म्हणावे लागते.

तिसरा प्रश्न एकसूत्रतेचा. तिन्ही दलांच्या प्रमुखांवर समन्वयासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत भारतात जानेवारी २०२० पासून सुरू झाली. कारगिल युद्धानंतर तशी शिफारस होऊनही त्याला जवळजवळ दोन दशके लागली. शिंदे, होळकर आणि पुणे यांच्यातील ओढाताणीचे दुष्परिणाम ज्या प्रांताने भोगले, त्या प्रांताला या विलंबाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळांतील इतिहासाच्या तासाला महादजी हे पाटण, मेडता आणि दिल्लीचे विजेते म्हणून येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यांना त्याच तासाला आणखी तीन गोष्टी विचारावयास शिकविले पाहिजे. शिपायाचा पगार कोठून येत होता? त्याच्या अधिकाऱ्याला शिक्षण कोणी दिले? आणि सेनापतीच्या खर्चाचा हिशेब कोण तपासत होते? आजच्या कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही नेत्याच्या पराक्रमाची वर्णने कानांवर येतील, तेव्हा मतदारांनाही हेच तीन प्रश्न विचारता येतील. त्यांची उत्तरे संसदेच्या पटलावर ठेवलेल्या कागदांत आणि लेखापरीक्षकांच्या अहवालांत असतात. हे कागद कंटाळवाणे असतात, त्यांत तोफांचा गडगडाट नसतो. मराठी राज्यात असे कागद मागणारे कोणी नव्हते आणि ते तपासणारी जागाही नव्हती. आज ती जागा आहे, प्रश्न विचारण्याचा हक्कही आहे. तो वापरण्याचा आळस मात्र नागरिकांनी करू नये, कारण त्याची किंमत पूर्वी एकदा दिली गेली आहे.